अटारी 2600 या जुन्या गेम कन्सोलच्या ‘हॅलोविन’ची कॅसेट घेतली. लेबलच्या जागी पांढरी पट्टी आणि पेनने नाव. खेळताना पडदा मधेच काळा होतो. मी फसलो का? विकली तर किती येतील?

पडदा काळा होतो तो खेळाचाच भाग आहे. यात तुम्ही मुलं सांभाळणारी मुलगी असता आणि घरात शिरलेल्या खुन्यापासून मुलांना वाचवता. घरातली वीज जाते, खोली लुकलुकते, अंधार होतो आणि पुन्हा उजेड आला की खेळ तिथूनच पुढे चालू. कॅसेटचा संपर्क बिघडला तर असं होत नाही: उभे पट्टे येतात, चित्र गोठतं किंवा खेळ सुरूच होत नाही. तसं झालं तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे मिळून 24 संपर्क 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर नको, वरचा मुलामाच निघून जातो. टीव्ही गेमच्या दिवसांतली फुंकरही नको. थुंकीने संपर्क गंजतात.

आता पट्टी. विझार्ड व्हिडिओ या कंपनीने हा खेळ 1983 च्या ऑक्टोबरात आणला आणि त्याच्या बऱ्याच कॅसेटी छापील लेबलाशिवाय, हाताने नाव लिहून विकल्या गेल्या. तेव्हा ‘लेबल नाही म्हणजे नकली’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पण पट्टी कुणीही चिकटवू शकतो. म्हणून कॅसेट उघडून चिपवरचा चार आकडी कोड बघा. आधी वर्ष, मग आठवडा: 8336 म्हणजे 1983 चा 36 वा आठवडा. कोड 1984 किंवा पुढचा असेल तर ती पहिल्या खेपेची नाही. ईप्रॉमशेजारी (ज्यात खेळ घरीही भरता येतो अशी मेमरी चिप) 74एलएस04 ही छोटी चिप दिसली तर संशय घ्या. ईप्रॉमला चालू करणारा सिग्नल उलटा लागतो, म्हणून तो उलटवायला घरगुती प्रतींत ती लावतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी हे सांगतोच, कारण यावर लोक हमखास चुकीचं बोलतात. ‘सुरी मिळाली की खुन्याला भोसका’ हा सल्ला गुण वाढवायचा असेल तर भिकार आहे. एका मुलाला घराच्या टोकाच्या सुरक्षित खोलीत पोचवलं की 675 गुण, खुन्याला एकदा भोसकलं की 325. पातळी बदलते ती पाच मुलं वाचवल्यावर किंवा दोनदा भोसकल्यावर. म्हणजे मुलांच्या वाटेने एका पातळीचे 3375 गुण आणि सुरीच्या वाटेने 650. शिवाय प्रत्येक पातळीला खुनी आणखी वेगाने धावतो. सुरीबहाद्दर थोडक्या गुणांत स्वतःहून वेगवान खुन्यासमोर जाऊन उभा राहतो! सुरी हवी ती मूल हाताशी असताना वाट अडली तर. घर दुमजली, खोल्या 16, जीव तीन; कोपऱ्यात सापडलात तर पर्याय उरत नाही.

आवाज बंद ठेवून तर खेळूच नका. खुनी आला की जॉन कार्पेंटरच्या 1978 च्या सिनेमाची धून वाजते, तीच धोक्याची घंटा. ती बेसूर लागते, कारण ध्वनीच्या चिपला प्रत्येक प्रकारच्या आवाजासाठी फक्त 32 स्वरपायऱ्या आहेत, आणि त्या संगीताच्या सुरांशी जुळत नाहीत. ‘ग्राफिक्स फालतू’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: यंत्रात रॅम 128 बाइट, आकृती 8 ठिपके रुंद आणि एका ओळीत तिला एकच रंग. तेवढ्यात मान उडालेली, रक्ताच्या चिळकांड्या उडवत पळणारी मुलगी दाखवली आहे. त्या काळात काही दुकानदारांनी हा खेळ ठेवायलाच नकार दिला, तो उगाच नाही.

अमेरिकन कन्सोल असेल तर त्याचा 120 व्होल्टचा अडॅप्टर आपल्या 230 च्या सॉकेटात घालू नका, जळेल. 9 व्होल्ट डीसी, 500 मिलीअँपियरचा, 3.5 मिमी पिनचा, टोकाला धन असलेला घ्या. पिन आधी कन्सोलला, मग अडॅप्टर भिंतीत. उलट केलं तर पिन आत सरकताना शॉर्ट होते. टीव्ही एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही सिग्नलची पद्धत) घेणारा हवा, नाहीतर रंग जातील किंवा चित्र वर सरकत राहील.

किमतीचं म्हणाल तर चिपचा स्वच्छ फोटो असल्याशिवाय कुणी नीट बोलणार नाही. आणि जुन्या तारखेची चिप नव्या बोर्डावरही बसवता येते, त्यामुळे 1983 चा कोड मिळाला म्हणून लगेच हुरळू नका. पट्टी मात्र काढू नका, आणि छान दिसावं म्हणून नवं लेबल तर अजिबात लावू नका.