पणजोबांच्या आईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, तिकडे झालेल्या तिच्या मुलांचे वंशज आज शोधता येतील का?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांची आई विधवा, दिवस गेले, झालेलं मूल विहिरीत सापडलं, साताऱ्याला खटला चालला आणि तिला काळ्या पाण्यावर धाडलं, पणजोबा तेव्हा चारेक वर्षांचे, मामाकडे वाढले, आणि तिनं तिकडे दुसरं लग्न केलं असं एक चुलत आजी कुजबुजायची. वाचून अंगावर काटा आला कारण थोड्याफार फरकानं हीच गोष्ट माझ्या आजोळची आहे. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, पोस्टातून रिटायर झालेली बाई आहे, सात वर्षं हा नाद लागलाय एवढंच.

शोधता येतात. पण तुम्ही प्रश्न ज्या टोकाकडून विचारलाय त्या टोकाकडून सुरुवात केलीत तर वर्ष फुकट जाईल, माझं गेलं.

आधी सेल्युलर जेल डोक्यातून काढा. मला पण नातेवाईक हेच सांगायचे, सावरकरांच्या जेलात यादी असेल बघ. ते जेल बांधायला घेतलं १८९६ ला आणि पुरं झालं १९०६ ला, आणि ते पुरुषांचं. अंदमानची वसाहत सुरू झाली १० मार्च १८५८ ला, दोनशे कैदी घेऊन डॉक्टर वॉकर नावाचा साहेब उतरला तेव्हा, आणि बायका दोनेक वर्षांनी जायला लागल्या, त्यांचा तुरुंग वेगळा, पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून नाव श्री विजय पुरम) साउथ पॉइंटला. त्यामुळे सेल्युलरच्या भिंतीवरची नावं वाचत बसू नका. आणि तुमच्या घरातली घटना १८५८ च्या आधीची निघाली तर अंदमानसुद्धा विसरा, तेव्हा मुंबई इलाख्यातले कैदी सिंगापूर, पेनांग, मलाक्का असे जायचे, त्याही आधी १८३७ पर्यंत मॉरिशसला. आपल्याकडे सगळ्यालाच काळं पाणी म्हणायचे, बेट कुठलं ते कोण विचारतंय. म्हणून पहिलं काम म्हणजे साल पक्कं करणं, आणि ते होईल पणजोबांवरून. शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ (कुणबी नोंदींच्या निमित्तानं आता सगळ्यांना माहीत झालंय ते जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक), मामाच्या गावचेही हेच कागद. जुनं लिखाण मोडीत असेल, त्याला वाचणारे हल्ली तालुक्याच्या गावीही मिळतात. तुमचा भाग दक्षिणेकडचा असेल तर हेळवी (गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ ठेवणारे) येतात का विचारा, त्यांच्या वह्यांत बाईचं नाव क्वचितच असतं पण पोरगं मामाकडे कधी गेलं हे कळू शकतं.

साल दहा वर्षांच्या आत आलं की मग मुंबई. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर आहे, तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड बघायचे. खुनाच्या केसमध्ये सेशन्स कोर्टानं फाशी दिली की ती हायकोर्टाकडे कन्फर्म व्हायला जायची (हायकोर्ट १८६२ चं), आणि बाळहत्येच्या केसेसमध्ये फाशीची जन्मठेप होणं हे नेहमीचं, म्हणून एकाच बाईचे कागद दोनतीन ठिकाणी विखुरलेले असतात. शेवटचा हुकूम बघितल्याशिवाय काही मानू नका. १८८१ ची सुरतेची विजयालक्ष्मी आठवा, जिच्या खटल्यावरून ताराबाई शिंद्यांनी लेखणी उचलली, तिला आधी फाशी झाली, मग काळं पाणी, मग ते पण कमी होऊन पाच वर्षं. घरातल्या तोंडी गोष्टीत मात्र सर्वात भयंकर शिक्षाच टिकते. शिवाय शिक्षा झाली म्हणजे बाई बोटीत चढलीच असंही नाही, म्हाताऱ्या-आजारी बायकांना इकडच्याच तुरुंगात ठेवायचे, कारण सरकारला तिकडे बायका हव्या होत्या त्या कैद्यांशी लग्नं लावायला, संसार थाटून वसाहत वसवायला. वाचायला घाण वाटतं पण असंच होतं.

आता नाव. इथे मी सहा महिने आपटले. इंग्रजी कागदात आपल्या बायका "अमुक कोम तमुक" अशा येतात, कोम म्हणजे बायको, पुरुषाला बिन. विधवा असली तरी मेलेल्या नवऱ्याचंच नाव. आडनाव विसराच. आणि स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर, काशीची कासी, कॅशी, कशी काहीही होतं, गावाचं तर विचारूच नका, माझ्या आजोळचं गाव त्या पानावर असं काही लिहिलं होतं की त्याच पानावरून मी दोनदा पुढे गेले. नवऱ्याचं नाव, गाव, साल या तिन्हीतलं दोन जुळल्याशिवाय हुरळून जाऊ नका. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फुल्यांची काशीबाई. १८८४ साली जोतीरावांनी लिहिलंय की त्यांच्या मित्राकडे, गोवंड्यांकडे, स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेला एका शास्त्र्यानं फसवलं, तिनं मूल मारून विहिरीत टाकलं आणि पुण्याच्या कोर्टानं तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली, त्यांनी विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं त्यामागे हे प्रकरण होतं. आणि फुल्यांनी दत्तक घेतलेल्या यशवंतच्या आईचं नावही काशीबाई. लोक बिनधास्त दोघींची एक करून टाकतात, अहो गृह निघालं १८६३ ला, यशवंत जन्मला १८७४ च्या सुमाराला, काळ्या पाण्यावर गेलेली बाई अकरा वर्षांनी पुण्यात बाळंत कशी होईल? इतक्या गाजलेल्या माणसांच्या बाबतीत हे होतं, तर आपल्या खापरपणजीचं काय.

तिकडचं लग्न कसं व्हायचं हे समजलं तर मुलं शोधायला सोपं जातं. पुरुष कैदी बरीच वर्षं नीट वागला की त्याला सेल्फ-सपोर्टरचं तिकीट मिळायचं, म्हणजे बराकीबाहेर राहायचं, शेती किंवा धंदा करायचा. असा माणूस लग्नाला अर्ज करायचा, बायकांच्या तुरुंगातल्या ठरावीक वर्षं काढलेल्या बायकांमधून बाई दाखवली जायची, दोघं हो म्हणाले आणि साहेबानं मंजुरी दिली की लग्न. धर्म बघायचे, पण तो अवधचा, ती साताऱ्याची, जातीची गाठ तिथे सुटलीच. यातून जी पोरं झाली त्यांना तिथे लोकल बॉर्न म्हणतात, आजही हा समाज स्वतःला तेच म्हणवतो. घरात बोलणं हिंदुस्तानी, ओळख बापाच्या बाजूची. म्हणजे पोर्ट ब्लेअरला जाऊन मराठी आडनाव शोधण्यात काही अर्थ नाही, दोन पिढ्यांत ती बाई पूर्ण विरघळलेली असते. तिला पकडायचं तर कैदी नंबर हवा किंवा तिकडच्या नवऱ्याचं नाव. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले होम डिपार्टमेंटचे पोर्ट ब्लेअर शाखेचे कागद, यातलं बरंच अभिलेख पटल नावाच्या साइटवर घरबसल्या दिसतं. सुटकेचे अर्ज आणि लग्नाच्या भानगडी यांच्या फायली आधी उघडा, विशेषतः इकडे नवरा जिवंत असलेल्या बायकांच्या लग्नावरून सरकारात बरीच पत्रापत्री झालीय (तुमची विधवा होती म्हणजे तो अडथळा नव्हता). ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या कैदी बायकांची रजिस्टरं नावानिशी नेटवर फुकट आहेत, त्यांच्या पणत्या चहा पिता पिता वंशावळ काढतात. आपल्याकडे तसं नाही, त्यात १९४२ ते ४५ जपानी तिथे होते, त्या धामधुमीत स्थानिक कागदांची वाट लागली.

पण तेच १९४२ साल आपल्या उपयोगी पडतं. त्याआधीपासून स्थायिक असलेल्यांना तिथे प्री-४२ म्हणतात आणि लोकल बॉर्न लोक ओबीसीत येतात, दाखल्यासाठी पूर्वज दाखवावा लागतो, म्हणून पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांचे कागद जपून ठेवलेले असतात. त्यांची संघटना आहे, आधी तिथे पत्र लिहा, मग तिकीट काढा. आणि बोलताना जरा सांभाळून, "तुमची पणजी खुनी होती का" असं विचारू नका, सगळ्यांना ते आवडत नाही.

डीएनए टेस्टबद्दल विचारलंय. करा, पण आपल्या लोकांची नावं त्या डेटाबेसमध्ये फार कमी, आणि तुमचं नातं सावत्र भावंडांच्या चौथ्या पिढीचं, जुळलं तर सोनं, नाही जुळलं म्हणून नातं नाही असं म्हणता येत नाही. तुमच्यापेक्षा घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाची लाळ पाठवा, एक पिढी तरी जवळ येते.

माझं काय झालं ते सांगते. मुंबईच्या खंडात तीन ओळी सापडल्या, नाव, कोम, गाव, जन्मठेप. पुढे काहीच नाही. मग २०१९ ला ओळखीतून ओळख काढत पोर्ट ब्लेअरला एका लोकल बॉर्न घरी गेले, ऐंशीच्या पुढच्या बाई, म्हणाल्या आमची परदादी पूना तरफ की थी. मी तिथल्या तिथे रडले. त्यांनी ट्रंकेतून कागद काढले, परदादीच्या सुटकेच्या अर्जाची नक्कल होती, त्यात शिक्षेचं साल आमच्यापेक्षा नऊ वर्षं नंतरचं आणि जिल्हा पुणे, तालुका जुन्नरसारखा काहीतरी वाचला जात होता. आमची नव्हतीच ती. मी गप्प बसले तर त्या बाईच म्हणाल्या, आप तो उधर ही रहती हो, हमारी का गाँव ढूँढ दो, उसके भी बच्चे छूटे थे वहाँ.

तेव्हापासून मी दोघींना शोधतेय. आमची अजून मिळाली नाही. त्यांच्या परदादीसाठी जुन्नरकडच्या चार गावांचे नमुना १४ बघून झालेत. तुम्ही काळा घोड्याला जाल तेव्हा १८८० ते ९० मधले खंड हाताखालून जातीलच, त्यात जुन्नर तालुक्यातली कुठलीही बाई जन्मठेपेवर गेलेली दिसली तर पानाचा नंबर लिहून ठेवा आणि मला कळवा. आणि तुमच्या पणजोबांचं जन्मसाल आणि मामाचं गाव मला पाठवा, साताऱ्याच्या माझ्या नोंदवहीत सत्तावीस बायका आहेत, त्यात बघून सांगते.