होडी टेकडी चढते कशी?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. लेक-जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. यंदा गेले तेव्हा त्यांनी मला फॉक्सटनला नेलं, तिथे कालव्यातल्या लांबलचक होड्या चक्क टेकडी चढत होत्या! पंप कुठेच दिसला नाही. हे होतं कसं? जावई म्हणाले कालवा बोटिंगसाठीच बांधलाय. खरं का?

उत्तर: नाही हो, बोटिंग फार नंतरचं. फॉक्सटनची लॉक, म्हणजे होड्या चढवणारे ते हौद, 1814 पासून चालू आहेत, आणि ती मालासाठी. तेव्हाच्या खराब रस्त्यांवर गाडीला जुंपलेला घोडा टन-दोन टन ओढणार, पण तोच घोडा काठाने चालत दोराने होडी ओढायला लागला की 25 टन कोळसा आरामात. तुम्ही ज्या पायवाटेने फिरलात ना, ती त्या घोड्यांची. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांना दोर घासून घासून खोल खाचा पडल्यात, हात लावून बघाच, मला तर भरून येतं.

आता टेकडीचं. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद. होडी आत घेतली की मागचं दार बंद, मग हॅण्डल फिरवून झडप उघडायची, हौद भरतो तशी होडी वर येते, आणि पाणी दोन्हीकडे सारखं झालं की पुढचं दार उघडायचं. त्याआधी कितीही जोर लावा, हलत नाही, पाण्याचा दाबच तेवढा. फॉक्सटनला असे 10 हौद, पाच-पाचचे दोन जिने, चढ 75 फूट! झडपा लाल आणि पांढऱ्या, आधी लाल मग पांढरी, उलट केलं की पाणी काठावरून बाहेर. पंप लागत नाही कारण पाणी वरच्या तलावांतून उतरतच येतं, आपल्या सयाजीराव महाराजांच्या आजवा तलावाचं पाणी उताराने बडोद्यात येतं तसंच.

पुढे रेल्वेने धंदा नेला, आणि 1962-63च्या हिवाळ्यात कालवे इतके गोठले की उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपली. बुजवूनच टाकले असते, पण प्रेमाने झटणारी माणसं होती, मग 1968च्या कायद्याने बरेच कालवे फिरण्या-बोटिंगसाठी राखले. जावयांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर.

भाड्याची होडी चालवायला तिथे लायसन्स लागत नाही, स्पीड ताशी जास्तीत जास्त साडेसहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणारा माणूस बरोबर राहील. पुढच्या वेळी लेकीला घेऊन एक दिवस तरी करा. आणि लॉकवर मदतीला व्हॉलंटिअर असतात, त्यांना विचारून दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकवा आणि पायाने रेटा द्या, हाताने ओढू नका, सावकाश सरकतं.