दर्यापूरहून शेगावला पांदणींनी पायी जायचंय. कधी निघावं, पाण्याचं कसं?

डिसेंबर-जानेवारीत निघा, आणि प्यायचं पाणी गावातल्या नळाचंच भरून घ्या. मी इकडचाच. हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. विहिरीचं, हापशीचं पाणी बऱ्याच गावांत मचूळ, कुठं चक्क खारट लागतं. नळही रोज येईलच असं नाही, म्हणून मुक्कामाच्या घरीच विचारून 3 लिटर सोबत घ्या. सपाट रान बघून मोठा टप्पा ठरवू नका, रोज 20 किलोमीटर पुष्कळ झाले. पांदणीत बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, घोटा मुरगळतो. फक्त अवकाळी पाऊस झाला तर पांदण सोडून डांबरी रस्ता धरा. काळी माती बुटाला अशी चिकटते की दर दहा पावलांवर काडीनं खरवडत बसावं लागतं.