‘सांगितलं असतंस तर केलं असतं’

प्रश्न : आम्ही दोघंही पूर्णवेळ नोकरी करतो. नवरा कामाला नाही म्हणत नाही, पण प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. सासूबाई आजारी असतात. त्यांच्या गोळ्या, तपासण्या, मुलाची शाळा, सगळं माझ्याच डोक्यात. मध्यंतरी सासूबाईंची एक तपासणी राहून गेली, तर सगळे मलाच बोलले. नवरा म्हणाला, ‘सांगितलं असतंस तर केलं असतं.’ नणंद म्हणते, दादा एवढं करतो तरी तुझी कुरकुर. मी खरंच कुरकुरी झाले आहे का?

उत्तर : नाही. तुम्ही दमला आहात, आणि तुमचा रागही रास्त आहे.

तपासणी त्याच्या आईची, ती राहिली तर बोलणी तुम्हाला. ‘तुझ्या कसं लक्षात राहिलं नाही?’ असं त्याला कुणीच विचारलं नाही. पत्रातलं हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी जोडप्यांशी बोलून 2019 मध्ये या डोक्यातल्या कामाचे चार भाग मांडले : काय लागणार ते आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि पुढे ते झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुधा दोघं मिळून घेत. आधीचं ओळखणं आणि नंतरचं लक्ष ठेवणं मात्र जास्त करून बायकांकडे. म्हणूनच नवऱ्याला मनापासून वाटतं की आपण बरोबरीनं करतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकामाचे आणि सेवाशुश्रूषेचे 76.2 टक्के तास बायकांच्या वाट्याला येतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलेली गोळी अशा तासांत धरणार तरी कशी?

तेव्हा त्याला कामांची यादी करून देऊ नका. यादी करणं हेही कामच आहे आणि ते पुन्हा तुमच्याकडेच राहील. एक जबाबदारी अख्खी सोपवा, आणि ती सासूबाईंच्या आजारपणाचीच असू द्या. भांडणाच्या भरात नको, निवांत वेळ बघून सांगा : ‘आईंच्या दवाखान्याचं सगळं आता तू बघायचं. मी आठवण करून देणार नाही.’ फाईल त्याच्याकडे, दवाखान्यात फोन नंबर त्याचा, गोळ्या संपत आल्या हे बघायचं त्यानं. नणंदेचा फोन आला तर ‘दादांना विचारा’ एवढंच म्हणा.

इथे एक काळजी घ्याच. नवरा शिकेपर्यंत त्याची झळ सासूबाईंना बसता कामा नये. म्हणून एकदा दोघांनी डॉक्टरांसमोर बसून औषधं समजून घ्या, वेळा त्याच्या फोनवर लावून घ्या आणि मगच बाजूला व्हा. सासूबाईंना आंघोळीला तुम्हीच हव्या असतील आणि तुमची तयारी असेल, तर तेवढं ठेवा. बाकीचं त्या निमित्तानं परत अंगावर घेऊ नका.

बाजूला होणं तुम्हाला जड जाईल. तो फाईल वेगळी लावेल, फोन उशिरा करेल. सासूबाईंच्या तब्येतीला धोका नसेल तिथे हात घालू नका. तुम्ही सावरून घेतलंत की त्याचं लक्ष पुन्हा उडणार.

ही घडी बसली की मग मुलाच्या शाळेचं बोला. आणि सगळं स्पष्ट सांगूनही तो ‘मला नाही जमणार’ म्हणाला, तर अडचण विसरण्याची नव्हती हे उघड होईल. मग तुम्हा दोघांना समुपदेशकाकडे जायला हवं. तसं झालं तर मला पुन्हा लिहा.