सिस्टर, एक विचारायचं होतं : व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया

(सोलापुरात सत्तावीस वर्षं आयसीयूत काम केलेल्या सिस्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : वडिलांना वस्तीवर रात्री झोपेत मण्यार चावला. सोलापुरात आणून आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलं. चार दिवस बरं चाललं होतं. पाचव्या दिवशी ताप आला, डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया झालाय. आता ते घरी आलेत, पण माझ्या मनातून जात नाही. साप चावलेल्या माणसाला न्यूमोनिया कसा? मशीनमधून जंतू गेले का? कुणाचा हलगर्जीपणा झाला का?
– एक मुलगा, मोहोळ तालुका

उत्तर : दादा, वडील घरी आले हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. नसा पुन्हा कामाला लागेपर्यंत, म्हणजे कितीतरी दिवस, मशीननेच श्वास द्यावा लागतो. त्या मशीननेच वडिलांना तारलं, तेव्हा मशीनवर राग धरू नका. जंतू बहुतेक वेळा मशीनमधून जात नाहीत. ते पेशंटच्या स्वतःच्या तोंडातून खाली उतरतात.

ते असं होतं. श्वासाची नळी तोंडातून, स्वरयंत्राच्या मधून खाली जाते. एरवी लाळ चुकीच्या वाटेला गेली की आपल्याला ठसका लागतो. नळी असताना ते दार उघडंच राहतं आणि खोकायची ताकदही नसते. नळीभोवती एक छोटा फुगा असतो, त्याला इंग्रजीत 'कफ' म्हणतात, छातीतला कफ नव्हे. लाळ त्याच्यावर साचते आणि फुग्याच्या सुरकुत्यांतून थेंब थेंब फुफ्फुसाकडे झिरपते. म्हणून नळी घातल्यावर 48 तास उलटून गेल्यानंतर जो न्यूमोनिया होतो, त्याला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात. त्या फुग्यात हवेचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी पडला तर लाळ खाली जाते, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा होते. त्याला जोडलेला, तोंडाबाहेर राहणारा छोटा फुगा बोटांनी दाबून 'ठीक आहे' म्हणायची सवय मलाही होती. बोटांना तो दाब कळत नाही, मीटरच लावावा लागतो.

आता तोंडाचं. माझ्या मते सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. आजारी माणसाच्या तोंडातले जंतू दोन-तीन दिवसांत बदलतात, दवाखान्यातले हट्टी जंतू तिथे घर करतात. म्हणून दात घासायचे, ब्रशने, रोज. एका हाताने नळी धरायची, दुसऱ्या हाताने लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि शेजारच्या सिस्टरने सक्शनची, म्हणजे लाळ ओढून घेणारी, नळी गालाशी धरून ठेवायची. दात, जीभ, टाळू, आणि नळी ज्या बाजूला बांधली आहे तिकडचा गाल. तो गाल हमखास राहून जातो. आपल्याकडे बायकांचे दात मिश्रीने काळे झालेले असतात आणि गडीमाणसांच्या गालात तंबाखू असते. एका पेशंटच्या गालातून दुसऱ्या दिवशी मी तंबाखूची चिमूट काढली, तशीच्या तशी, चुन्यासकट. आदल्या दिवशीच्या दोन्ही ड्युट्यांनी 'माउथ केअर दिली' असं लिहिलं होतं, आणि त्यातली एक ड्युटी माझीच होती.

पूर्वी आम्ही क्लोरहेक्सिडीन नावाच्या औषधाने तोंड पुसायचो, मी तर वर्षानुवर्षं. 2022 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी सल्ला बदलला : ब्रश करा, पण ते औषध नको, त्याने मृत्यू वाढत असावेत अशी शंका आहे. 2023 अखेर बऱ्याच चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा ब्रश करणाऱ्यांत दवाखान्यात होणारा न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी दिसला, आणि फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना. साधा ब्रश हो! मला हे फार मोठं वाटतं.

दुसरं, डोक्याकडची बाजू उचललेली हवी, 30 ते 45 अंश. बार्सिलोनात 86 पेशंटवर एक अभ्यास झाला, 1999 मध्ये छापून आला. आडवं झोपवलेल्यांत तपासणीने पक्का झालेला न्यूमोनिया 23 टक्क्यांना, 45 अंशांवर ठेवलेल्यांत 5 टक्क्यांना. पुढे लक्षात आलं की 45 अंश दिवसभर टिकवणं अवघड, माणूस घसरत खाली येतो. पलंग उचललेला दिसतो आणि पेशंट मात्र कमरेत वाकून सपाट पडलेला असतो.

इथे माझी एक चूक सांगते. रात्री दोनच्या सुमारास एका तरुण मुलीची चादर बदलायला मी पलंग सपाट केला. तेवढ्यात समोरच्या बेडचा अलार्म वाजला, मी धावले. परत आले तेव्हा तासभर होऊन गेला होता, पलंग तसाच सपाट आणि राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, दूध चालूच. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. त्या तासामुळेच भरला असं कुणी ठरवू शकणार नाही, पण ती रात्र मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन ड्युटीवर गेले. आमच्या पलंगांना अंशांच्या खुणाच नव्हत्या. प्रत्येक पलंगामागच्या भिंतीवर 30 अंशांना पांढरी चिकटपट्टी लावली. पलंगाची कड पट्टीच्या खाली गेली की झाडू मारणाऱ्या मावशीसुद्धा हाक मारायच्या, "सिस्टर, पट्टी!" सपाट करावंच लागलं तर आधी दूध बंद आणि तोंडातली लाळ ओढून घ्यायची, हा नियम तेव्हापासून.

तिसरं, नळी जितकी लवकर निघेल तितकं बरं. रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवून किंवा कमी करून, पेशंट स्वतः श्वास घेतो का ते पाहतात. तुमच्या वडिलांची गोष्ट जरा वेगळी. मण्यारीच्या पेशंटच्या पापण्यासुद्धा उचलत नाहीत, पण तो शुद्धीवर असू शकतो. गुंगीचं औषध दिलं नसेल तर पलंगाशेजारी तुम्ही जे बोललात ते त्यांनी ऐकलं असेल. विचारून बघा त्यांना. अशा पेशंटला आम्ही उशीवरून मान उचलायला सांगतो. मान उचलून काही क्षण धरली, म्हणजे स्नायूंत ताकद परत येतेय, की आम्हा सिस्टरांचे चेहरे उजळतात.

हलगर्जीपणा झाला का, हे पत्रावरून ठरवता येत नाही. सगळं नीट करूनही काहींना न्यूमोनिया होतोच. पण रात्री एका सिस्टरकडे चार-चार व्हेंटिलेटर असतील तर सगळं नीट होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. तक्रार करायचीच असेल तर सिस्टरांची संख्या वाढवा म्हणून करा.

प्रश्न : भाऊ व्हेंटिलेटरवर आहे. आईला सिद्धरामेश्वरांचं तीर्थ त्याच्या तोंडात घालायचं आहे, सिस्टर घालू देत नाहीत. आई रडते. आम्ही नातेवाइकांनी काय करायचं?
– एक बहीण, अशोक चौक

उत्तर : ताई, आईंना सांगा, तीर्थ कपाळाला लावा, छातीला लावा, तोंडात मात्र एक थेंबही नको. एका आजीने माझी पाठ वळताच नातवाच्या तोंडात चमचाभर तीर्थ घातलं होतं. माया होती ती. पण ते पाणी जाऊन फुग्यावरच साचलं, सक्शनला लगेच आलं. त्या दिवसापासून मी नातेवाइकांना आत सोडण्याआधीच सांगू लागले.

आत जाताना आणि बाहेर येताना हाताला सॅनिटायझर, 20 ते 30 सेकंद, अंगठे आणि बोटांच्या मधल्या जागांसकट. अंगठ्या, बांगड्या काढून. शेजारच्या पेशंटच्या पलंगाला टेकू नका. आपल्या सोलापुरात हे तीन भाषांत सांगावं लागतं, म्हणून 'हात धुवा' हे मी तेलुगूत "चेतुलु कडुक्कोंडी" आणि कन्नडमध्ये "कै तोळ्कोळ्ळी" असं दोन्ही शिकून घेतलं. आईंना मराठीपेक्षा तेलुगू जवळची असेल तर त्यांना तेलुगूतच सांगा, पटकन पटतं.

भावासाठी मऊ ब्रश नेऊन द्या. कवळी असेल तर ती घरी आणा. डॉक्टर भेटतील तेव्हा एकच विचारा : "आज गुंगी कमी करून बघितलं का?" भांडणाच्या सुरात नको. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. आणि भावाचा हात धरून घरचं बोला.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वॉर्डात व्हेंटिलेटरच्या पाइप ठरावीक दिवशी बदलतात. बरोबर आहे का?
– एक विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : नाही गं. पाइप दिसायला घाण झाली किंवा बिघडली तरच बदलायची. दर वेळी जोड सोडला की जंतूंना वाट मिळते. पाइपमध्ये साचलेलं पाणी मात्र बघत जा, कूस बदलण्याआधी ते पेशंटकडे न जाता खालच्या बाटलीत जाईल असं बघ. आणि एका पेशंटचे ग्लोव्ह्ज घालून दुसऱ्याच्या सक्शनला हात लावू नकोस, सीनियरने घाई केली तरी.