फाइल पोचली का, हे बघायचं कुठे?

यावेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्हींचं दुखणं एकच आहे : सिंक, म्हणजे एका मशीनवरच्या फाइली इंटरनेटवरून आपोआप दुसरीकडे पोचवणारं सॉफ्टवेअर, खरंच काम करतंय का हे कळत नाही. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली कारण त्यात बऱ्याच जणांचं उत्तर येऊन जातं.

प्रश्न : ताई, मी गिरगावात घरूनच डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं) करते, दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका वगैरे. घरी मोठा कॉम्प्युटर आणि बाहेर न्यायला लॅपटॉप, दोन्हीवर सिंकचं एकच फोल्डर. गेल्या वर्षी अंकाची शेवटची करेक्शन्स रात्री दीडला संपली, फाइल सेव्ह केली, खाली कोपऱ्यात ढगाचं चिन्ह दिसत होतं म्हणून निर्धास्त होऊन कॉम्प्युटर बंद केला आणि झोपले. सकाळी चर्नी रोडहून लोअर परळला प्रेसवर गेले, लॅपटॉप उघडला तर फाइल आदल्या संध्याकाळची, आणि सहा जाहिरातींच्या जागी मिसिंग लिंक, म्हणजे जोडलेली फाइल सापडतच नाही! प्लेट काढणारा माणूस शेजारी उभा. मग तिथेच जुन्या फाइलमध्ये आठवून आठवून करेक्शन्स केली, आणि घरी येऊन बघते तर फोल्डरात एकाच अंकाच्या दोन फाइली, एकीच्या नावाला माझ्या लॅपटॉपचं नाव चिकटलेलं. कुठलं पान कुठल्या फाइलमध्ये बरोबर आहे ते जुळवण्यात रात्र गेली. यंदाचं काम सुरू झालंय, खरं सांगायचं तर धास्ती बसलीय. सॉफ्टवेअर मागे चालू आहे का आणि त्याचं काम संपलंय का हे नक्की कसं ओळखायचं?
— डीटीपी ऑपरेटर, गिरगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचून पोटात गोळा आला, कारण दीड वाजता सेव्ह करून झोपणाऱ्या माणसाची यात काहीच चूक नाही, त्या ढगाचा अर्थ कोणी कधी समजावूनच सांगत नाही. तो ढग दिसतोय म्हणजे सॉफ्टवेअर चालू आहे, एवढंच. फाइल वर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, गेली असं तो म्हणतच नाहीये. आणि वर गेली तरी दुसऱ्या मशीनवर खाली उतरली का हा आणखी वेगळा प्रश्न. चालू आहे का, वर गेलं का, खाली आलं का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, आपण पहिल्याचं उत्तर बघतो आणि तिन्हींचं मिळालं असं धरून चालतो.

तुम्ही सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं नाहीये म्हणून जास्त वापरली जाणारी तीन धरून सांगते. विंडोजमध्ये उजवीकडे खाली घड्याळाजवळ जो छोटा वर जाणारा बाण असतो ना, त्याच्या आत ही चिन्हं लपलेली असतात, आधी ते चिन्ह ओढून बाहेर टास्कबारवर आणून ठेवा, रोज नजरेला पडलं पाहिजे. वनड्राइव्ह असेल तर ढगावर गोल फिरणारे बाण म्हणजे काम चाललंय, दोन उभ्या रेघा म्हणजे पॉझ केलंय, लाल गोलात पांढरी फुली म्हणजे एखादी फाइल अडकलीय, पिवळा त्रिकोण म्हणजे अकाउंटकडे लक्ष द्या, आणि ढग करडा होऊन त्यावर तिरकी रेघ आली असेल तर तुम्ही लॉग-इनच नाही. ड्रॉपबॉक्समध्ये निळे फिरणारे बाण आणि काम संपलं की टिक. गूगल ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते, त्यात कुठली फाइल वर चाललीय, कुठली झाली, कुठली अडली ते नावानिशी दिसतं. खरं तर तिन्हींमध्ये चिन्हाकडे नुसतं बघू नका, त्यावर क्लिक करून आतली यादी वाचा. यादीत तुमच्या अंकाच्या फाइलचं नाव आणि त्यापुढे आत्ताची वेळ दिसली तर वर गेली. नाही दिसली तर नाही गेली.

करड्या ढगाबद्दल जरा थांबून सांगते कारण ते मी स्वतः भोगलंय. फोर्टमधल्या एका छोट्या ऑफिसचे कॉम्प्युटर मी बघायचे, तिथे अकाउंटचा पासवर्ड बदलला, चार मशीनवर नवीन टाकला आणि पाचवं राहिलं. त्या पाचव्यावर सॉफ्टवेअर रोज सुरू होत होतं, फोल्डर उघडत होतं, फाइली सेव्ह होत होत्या, सगळं नेहमीसारखं. मी दर सोमवारी टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रॅम चालू आहे एवढं बघायचे आणि ओके लिहून निघायचे. अकरा दिवस त्या मशीनवरून एकही फाइल वर गेली नव्हती, आणि बाराव्या दिवशी तिची हार्डडिस्क गेली. त्या मुलीने त्या अकरा दिवसांचं काम परत केलं, रोज आठ वाजेपर्यंत बसून, आणि मला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून नुसतं चालू आहे या उत्तरावर मी कोणालाही घरी जाऊ देत नाही.

आता तुमच्या त्या रात्री काय झालं असेल बघा. तुमच्या अंकाचं फोल्डर, फोटो आणि जाहिराती धरून, ६०० एमबी समजू. इंटरनेटवाला जो स्पीड सांगतो तो मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये, १ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणजे ६०० एमबीचे झाले ४८०० मेगाबिट. तुमचा अपलोड स्पीड, म्हणजे फाइल वर पाठवायचा वेग, सेकंदाला ५ मेगाबिट असेल तर ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं, तीही लाइन सलग चालली तर. आणि पुष्कळ घरगुती कनेक्शनांना अपलोड हा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे सिनेमा फटकन दिसतो म्हणून फाइलही फटकन जाईल असं नाही. दरवेळी पूर्ण फाइल जातेच असं नाही म्हणा, ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीपर्यंतचे तुकडे करतं आणि बदललेले तेवढेच पाठवतं, पण नवीन आलेली जाहिरात तर पूर्णच जायला लागते. तुम्ही सेव्ह केल्यावर दोन मिनिटांत कॉम्प्युटर बंद केला असणार. मशीन बंद झालं की सिंक थांबलं, स्लीपला गेलं तरी थांबलं.

दुसरी गोष्ट, इनडिझाइनसारख्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडी असताना ती अडवून धरलेली असते, सिंकवाला तिची वाट बघत बसतो. म्हणून आधी फाइल बंद, मग सॉफ्टवेअर बंद, मग वाट बघायची.

आणि मिसिंग लिंक का आल्या? कारण सिंकच्या दृष्टीने तुमचा अंक हा एक अंक नाहीच, त्या दीडशे-दोनशे वेगवेगळ्या फाइली आहेत, त्या आपापल्या वेळेने जातात, बारक्या आधी पोचतात आणि जड जाहिराती रेंगाळतात. पानांची फाइल पोचली म्हणून अंक पोचला असं होत नाही. यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो, प्रेसला जायच्या आदल्या रात्री इनडिझाइनमधून पॅकेज करायचं (पानं आणि जोडलेले फोटो, जाहिराती सगळं एका फोल्डरात गोळा होतं), त्याची एक झिप करायची आणि ती झिप सिंकच्या फोल्डरात टाकायची. झिप एकच फाइल असते, ती आली तर सगळी आली. आणि चालू काम शक्यतो सिंकच्या फोल्डरात करूच नका, बाहेर साध्या फोल्डरात करा आणि दिवसाच्या शेवटी आत कॉपी करा. थोडा त्रास आहे, पण अर्धवट अवस्थेतली फाइल दुसरीकडे जायची भीती राहत नाही.

लॅपटॉपचं वेगळंच. चर्नी रोड ते लोअर परळ चार स्टेशनं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गाडीत खाली उतरेल असं तुम्हाला वाटलं असेल, पण नेट मीटर्ड (डेटा मोजून मिळणारं) म्हणून नोंदलेलं असेल किंवा बॅटरी सेव्हर चालू असेल तर वनड्राइव्ह स्वतःहून थांबतं. त्यात पुन्हा फाइलच्या शेजारी निळ्या रेघेचा पोकळ ढग असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त नाव दिसतंय, उघडायला गेलं की तेव्हा नेटवरून येणार. हिरवी टिक म्हणजे लॅपटॉपवर आहे. प्रेसच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवा म्हणजे भरीव हिरवा गोल येईल, मग तळघरातल्या प्रेसमध्ये रेंज नसली तरी चालेल.

लॅपटॉपचं नाव चिकटलेली ती फाइल म्हणजे कॉन्फ्लिक्ट कॉपी. घरी बदल झालेला वर गेला नव्हता, तुम्ही प्रेसवर जुन्यात बदल केला, सॉफ्टवेअरला कुठलं खरं ते ठरवता येईना म्हणून त्याने दोन्ही ठेवल्या. चिडू नका त्याच्यावर, एक पुसून टाकली असती तर जास्त वाईट झालं असतं. पण अशी फाइल दिसली की त्याच दिवशी निकाल लावायचा, उद्यावर टाकलं की आपल्यालाही आठवत नाही. आणि जुनी आवृत्ती हवी असेल तर ब्राउझरमधून त्या फाइलची व्हर्जन हिस्टरी उघडून बघा, गूगल ड्राइव्ह साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत जुन्या ठेवतं.

शेवटचा पुरावा मात्र एकच. निघायच्या आधी मोबाइलवर, मोबाइलचं वायफाय बंद करून, ब्राउझरमध्ये आपलं ड्राइव्ह उघडायचं आणि त्या झिपची वेळ आणि साइज बघायची. तिथे दिसली म्हणजे ती तुमच्या घराबाहेर पोचलीय. साइज घरच्या फाइलशी जुळली पाहिजे. अर्धा मिनिट लागतो. आणि तरीही दिवाळी अंकासाठी पेन ड्राइव्हवर एक प्रत पर्समध्ये असू द्या, मी पंधरा वर्षं हेच सांगतेय आणि पुढेही सांगणार.

जागा भरलीय का तेही एकदा बघून ठेवा. फुकटच्या अकाउंटला गूगलकडे १५ जीबी मिळतात पण त्यातच जीमेल आणि फोटोपण येतात, वनड्राइव्हला ५ आणि ड्रॉपबॉक्सला २. भरलं की नवीन फाइली वर जाणं थांबतं, आणि अंकाच्या दिवसांत नेमकं तेव्हाच भरतं.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त आहे, मुलुंडला राहतो. जुन्या मशीनवर लिनक्स टाकून सिंकथिंग हे सिंकचं सॉफ्टवेअर चालवतो, त्यावर आमच्या सोसायटीचे हिशेब आणि माझे स्कॅन केलेले जुने कागद आहेत. त्या मशीनला मॉनिटर नाही, मी दुसरीकडून लॉग-इन करतो. लॉग-आउट केलं की काही वेळा सिंक बंद पडतं असं वाटतं. चालू आहे की नाही हे कसं तपासू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : काका, तुमचं वाटणं बरोबर आहे आणि कारणही बहुतेक तुम्ही लिहिलंय तेच. सिंकथिंग तुमच्या युजरच्या नावाने सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तुमचं शेवटचं लॉग-इन संपलं की सिस्टम ती सर्व्हिसही बंद करते. टर्मिनलमध्ये इंग्रजीत ‘लॉगिनसीटीएल’ आणि पुढे ‘इनेबल-लिंगर’ ही कमांड तुमच्या युजरसाठी एकदा द्या, मग लॉग-आउट केलं तरी चालू राहील आणि मशीन रीस्टार्ट झालं तर, सर्व्हिस इनेबल केलेली असेल तर, आपोआप उठेल. तपासायला ‘सिस्टमसीटीएल --युजर स्टेटस सिंकथिंग’. उत्तरात ॲक्टिव्ह, रनिंग आलं म्हणजे पहिला प्रश्न सुटला, फक्त पहिला, वर गिरगावच्या ताईंना सांगितलं तसं.

पुढचं बघायला सिंकथिंगचं स्वतःचं पान आहे, त्याच मशीनवर १२७.०.०.१ आणि पोर्ट ८३८४. दुसऱ्या मशीनवरून बघायचं तर एसएसएचच्या (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीच्या) बोगद्यातून या, ते पान सगळ्यांसाठी उघडं करू नका, हिशेब आहेत त्यात. तिथे फोल्डरपुढे ‘अप टू डेट’ दिसतं का ‘आउट ऑफ सिंक’ ते वाचा, आणि उजवीकडे दुसरं मशीन ‘डिस्कनेक्टेड’ तर नाही ना ते. इथे लोक फसतात कारण सिंकथिंगमध्ये मधे कुठलं क्लाउड नसतं, दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असल्याशिवाय एक अक्षर इकडचं तिकडे जात नाही. तुमचं फोल्डर ‘अप टू डेट’ दिसेल आणि सोसायटीच्या ऑफिसमधलं मशीन चार दिवस बंद असेल, दोन्ही एकदम खरं असू शकतं. म्हणून दुसऱ्या मशीनच्या नावाखालची ‘लास्ट सीन’ ची तारीख रोज बघायची सवय लावा.

फाइली खूप असतील आणि बदल लगेच पकडले जात नसतील तर लिनक्सची इनोटिफाय वॉचची (फाइल बदलली की कळवणाऱ्या सोयीची) मर्यादा संपलेली असू शकते, जुन्या सिस्टमवर ती ८१९२ इतकी कमी असते, ती वाढवता येते. तोवरही काम पूर्ण अडत नाही, सिंकथिंग मूळ सेटिंगमध्ये दर ३६०० सेकंदांनी, म्हणजे तासातून एकदा, पूर्ण फोल्डर स्वतः तपासतं.

आणि काका, एक कळकळीने सांगते, सिंक म्हणजे बॅकअप नाही. इकडे चुकून पुसलं तर ते तिकडेही तितक्याच इमानाने पुसलं जातं. सिंकथिंगमध्ये त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) आहे, दुसऱ्या मशीनवर ते चालू करा, आणि जुन्या कागदांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर, महिन्यातून एकदा जोडायची आणि काढून कपाटात ठेवायची.

प्रश्न : ताई, मी परळला राहते, कॉलेजला आहे. विसर्जनाचे दोन हजार फोटो फोनमध्ये आहेत, फोन फुल झालाय. गूगल फोटोजमध्ये बॅकअप ऑन आहे, तर आता गॅलरीतून डिलीट करू का?
— विद्यार्थिनी, परळ

उत्तर : थांब, आत्ता नको करूस. गूगल फोटोज उघड, वर उजवीकडे तुझ्या प्रोफाइलच्या गोलावर टॅप कर, तिथे बॅकअप पूर्ण झालाय का, किती उरलेत, का वायफायची वाट बघतोय ते लिहिलेलं असतं. ‘ऑन’ म्हणजे परवानगी दिलीय, झालाय असं नाही, आणि फोनचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर ॲप मागे गेलं की काम थांबतं, म्हणून रात्री चार्जिंगला लावून वायफायवर ते ॲप उघडं ठेव. पूर्ण झालं असं आलं की हाताने डिलीट न करता तिथलाच ‘फ्री अप स्पेस’ वापर, तो वर पोचलेलेच फोटो फोनमधून काढतो. गूगल फोटोजच्या आत जाऊन फोटो डिलीट केलास तर तो वरूनही जातो, मग ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतो, पण बॅकअप न झालेला असेल तर ३० च दिवस. आधी मैत्रिणीच्या फोनवर इन्कॉग्निटोमध्ये तुझं अकाउंट उघडून विसर्जनाच्या दिवसाचे पहिले आणि शेवटचे फोटो दिसतात का बघ, मग लगेच लॉग-आउट कर.