मित्रांसोबत पहिल्यांदाच डोंगरात गाडी घेऊन जाताय तर एवढं वाचा

सगळ्यात आधी उतार. चढताना जो गिअर लागला साधारण तोच उतरताना ठेवायचा, न्यूट्रलवर गाडी सोडायची नाही म्हणजे नाहीच, कारण सारखा ब्रेक दाबत उतरलं की ब्रेक तापतात आणि पेडल मऊ पडतं. मला एकदा जळका वास आला तेव्हा गप्प बाजूला घेतली आणि चांगला अर्धा तास थांबलो, तसंच करा, आणि चाकावर पाणी बिलकुल ओतू नका. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

बघायचं ते सकाळी बघून घ्या, दुपारनंतर बऱ्याचदा ढग येतात नि समोरची शिखरं गायब. दर 1000 मीटरला साधारण 6 डिग्री थंडी वाढते, त्यामुळे जॅकेट डिकीत तळाशी नको, हाताशी हवं.

खाण्याचं म्हणाल तर निघताना हलकंच खा, वळणांवर तेलकट पोटात टिकत नाही, आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, मोबाईल बघू देऊ नका. वर स्वतः शिजवणार असाल तर वेळ धरून चाला, 3000 मीटरवर पाणी 90 डिग्रीलाच उकळतं, डाळ लवकर शिजत नाही.

2500 मीटरच्या वर मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी धावपळ नको. कुणाचं डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या तर अजून वर जाऊ नका, आणि आराम करूनही बरं वाटत नसेल तर सरळ खाली उतरा, पॉइंट राहिला तरी चालेल.